सात आणि आठ नंबरच्या बेडमधलं बेसिन

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या चौदा बेडच्या आयसीयूमधलं आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वयं, गावं आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे. त्या वेळी आयसीयूची जबाबदारी माझ्याकडे होती. खाली जे निर्णय चुकले असं लिहिलं आहे, त्यांतल्या बहुतेकांखाली माझी सही आहे.

पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या आसपासचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री मोटरसायकलवरून येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आमचा रुग्ण असाच धडकला. चाळिशीतला माणूस, घरचा थोडा ऊस, दोन म्हशी, जुना आजार कोणताच नाही. डाव्या बाजूच्या सहा बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडलेल्या, फुफ्फुसाला जबर मार, छातीत रक्त साठलेलं आणि मांडीचं हाड मोडलेलं.

तालुक्याच्या गावातल्या छोट्या रुग्णालयाने त्या रात्री त्याचा जीव वाचवला, हे आधी लिहायला हवं. त्यांनी छातीत नळी टाकून रक्त काढलं, श्वास कमी पडायला लागल्यावर वेळेत व्हेंटिलेटरवर घेतलं. सेफ्ट्रायाक्झोन आणि अमिकासिन ही प्रतिजैविकं सुरू केली. दुसऱ्या दिवशी ताप १०१ पर्यंत गेला, तेव्हा ती दोन्ही बंद करून मेरोपेनेम सुरू झालं. त्याआधी रक्ताचं कल्चर (नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी) घेतलं गेलं नाही. तिथे ती सोय नव्हती आणि मध्यरात्री नमुना घेऊन शहराकडे जाणारंही कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे आला आणि त्याला सात नंबरचा बेड मिळाला.

जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट करते: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. मेरोपेनेम जपून वापरायच्या गटात आहे. आयसीयूत ते इतक्या सवयीने लिहिलं जातं की हे जपणं कागदावरच राहतं. त्याची किंमत रुग्णाचं आतडं मोजतं. आपल्या आतड्यात राहणारे बहुतेक साधे जंतू या औषधाने मरतात आणि ज्यांना हे औषध लागू पडत नाही त्यांना मोकळं रान मिळतं. शेत नांगरून रिकामं ठेवलं की सगळ्यांत आधी हरळी माजते, तसं.

पाचवा दिवस

दाखल करताना आम्ही रक्ताची दोन कल्चर आणि श्वासनळीतल्या स्रावाचा नमुना पाठवला. गळ्यातल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकली. मेरोपेनेम चालू ठेवलं. इतका आजारी माणूस दारात आला असताना आधीच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध पहिल्याच तासाला बंद करणं मला तेव्हा जमलं नाही. त्या दिवशीचा तो निर्णय मी आजही चूक म्हणणार नाही.

चूक पाचव्या दिवशी झाली. रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं नव्हतं, स्रावातही नाही. (औषधाचे डोस आधीच अंगात गेलेले असल्याने या 'काही नाही'ला पूर्ण वजन देता येत नव्हतं. कल्चर पहिल्या डोसच्या आधीच का घ्यायचं, ते इथे कळतं.) पण रुग्णाकडे पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. रक्तदाब स्थिर, पांढऱ्या पेशी उतरत्या, प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा घटक) उतरतं. फुफ्फुसाला मार लागला, छातीत रक्त साठलं, मांडीचं हाड मोडलं, तर जंतूंशिवायही दोन-चार दिवस ताप येतो. त्या तापाला संसर्ग समजून औषध सुरू झालं होतं.

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी फोनवर विचारलं, "सर, मेरोपेनेम कशासाठी चालू आहे?" मी म्हणालो, उद्या मांडीचं ऑपरेशन आहे. अस्थिरोग सर्जनचंही तेच म्हणणं होतं: "रॉड बसवतोय, राहू दे आणखी चार दिवस." खरं तर जखम उघडी नसलेल्या हाडाच्या अशा ऑपरेशनला चीर देण्याआधीच्या तासाभरात साध्या सेफाझोलिनचा डोस पुरतो आणि २४ तासांपुढे काही द्यावं लागत नाही. हे सर्जनना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी "राहू दे" म्हणालो. ऑपरेशननंतर काही बिघडलं असतं तर 'औषध कुणी थांबवलं' हा प्रश्न माझ्याकडे आला असता. चालू ठेवलं तर कुणीच काही विचारणार नव्हतं. त्या आठवड्यात मेरोपेनेम कोणत्याही वैद्यकीय कारणापेक्षा याच भीतीमुळे चालू राहिलं.

अहवालात आलेला जंतू

नवव्या दिवशी एका रेसिडेंटने श्वासनळीचा स्राव पुन्हा कल्चरला पाठवला. ताप नव्हता, स्राव वाढला नव्हता, एक्स-रे सुधारत होता. 'रूटीन' म्हणून पाठवला. अकराव्या दिवशी अहवाल आला: असिनेटोबॅक्टर बॉमानी. औषधांच्या यादीत जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू दाद देत नाही. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधापुढे 'इंटरमीडिएट', म्हणजे मधलं.

या एका शब्दावरून नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबतो. ज्या अमेरिकी मानकाप्रमाणे आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा अहवाल देतात, त्यात २०२० पासून या जंतूंसाठी कोलिस्टिनपुढे 'सेन्सिटिव्ह' लिहायची सोयच राहिलेली नाही. 'इंटरमीडिएट' किंवा 'रेझिस्टंट', एवढंच. औषध रक्तात नि फुफ्फुसात पुरेसं पोचण्याची खात्री देता येत नाही, हे त्यामागचं कारण. तेव्हा 'एक औषध लागू पडतंय' असा या अहवालाचा अर्थ काढणं धोक्याचं आहे.

रेसिडेंटने कोलिस्टिनचा डोस हिशोब करून कागदावर मांडलेलाही होता. मॅडम वर आल्या, अहवाल बाजूला ठेवला आणि रुग्णाचा चार्ट मागितला. ऑक्सिजन रोज कमी लागत होता, दोन दिवसांत नळी काढायचा विचार चालू होता. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जगतो. बेडच्या कठड्यावर, व्हेंटिलेटरच्या बटणांवर, सक्शनच्या नळीवर तो असतोच. आठ दिवस नळी असलेल्या माणसाच्या नळीत तो सापडला, यावरून एवढंच कळतं की तो नळीत वस्तीला आलाय. त्याने आजार केलाय का, हे रुग्णाच्या अंगावर दिसलं पाहिजे. आम्ही उपचार न करायचं ठरवलं आणि त्याच दिवशी मेरोपेनेमही बंद केलं.

रुग्णाच्या थोरल्या भावाला हे पटेना. त्याने अहवालाचा फोटो गावच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला होता. "साहेब, रिपोर्टात जंतू आलाय म्हंता. एकच औषिद चालतंय असंबी लिवलंय. मग ते सुरू का करंना झालाय?"

मी त्याला बेडजवळ नेलं, मॉनिटर दाखवला. म्हणालो, "दादा, जंतू उंबऱ्यावर बसलाय, घरात शिरलेला नाही. हे औषध मूत्रपिंडाला इजा करतं. आत्ता गरज नसताना दिलं तर उद्या गरज पडेल तेव्हा मूत्रपिंड साथ देणार नाही."

"आनि शिरला तर?"

"त्याच तासाला सुरू करू."

तो निर्णय बरोबर होता. पण पुढे जे झालं त्यामुळे त्या माणसाच्या लेखी मी खोटा ठरलो.

तेराव्या दिवसाची पहाट

सकाळी नळी काढायची होती. पहाटे साडेचारला थंडी वाजून ताप १०३ वर गेला, वरचा रक्तदाब ७६ वर आला, लघवी थांबल्यात जमा झाली. फुफ्फुसं मात्र कालच्यासारखीच होती, ऑक्सिजनची गरज वाढली नव्हती. म्हणजे हा झटका छातीतून आलेला वाटत नव्हता. राहिली दहा दिवसांची सेंट्रल लाइन.

रात्रपाळीच्या सिस्टरनी औषधाला हात लावण्याआधी दोन कल्चर घेतली, एक लाइनमधून आणि एक हाताच्या शिरेतून, दोन्ही एकाच वेळी. त्या पहाटे सगळ्यात नीट झालेलं काम हेच. लाइनमधली बाटली नऊ तासांत वाढ दाखवू लागली, हातातली बारा तासांनी. हा फरक दोन तासांहून जास्त असेल तर संसर्गाचं मूळ लाइनमध्ये असण्याची शक्यता खूप वाढते. पण ही खात्री होईपर्यंत आम्ही थांबलो नव्हतो. सहा वाजायच्या आत जुनी लाइन काढून दुसऱ्या जागी नवी टाकली होती.

भाऊ दाराशी उभा होता. "त्योच जंतू का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, बहुधा नाही, पण उद्यापर्यंत नक्की सांगता येणार नाही. त्यावर तो काही बोलला नाही.

कोणते पर्याय होते

दुपारी मॅडमचा फोन आला: काचपट्टीवर ग्रॅम-निगेटिव्ह दांडके (दांडीच्या आकाराच्या जंतूंचा एक मोठा गट) दिसताहेत. नाव कळायला आणि औषधांची यादी यायला आणखी एक दिवस लागणार होता.

रुग्णालयाच्या फार्मसीत जे होतं ते पहाटेच दिलं होतं: मोठ्या डोसमध्ये मेरोपेनेम आणि जोडीला पॉलिमिक्सिन बी. पण नऊ दिवस मेरोपेनेम घेतलेल्या माणसाला दोन दिवसांत रक्तसंसर्ग झाला, तर तो जंतू मेरोपेनेमला दाद देणार नाही असंच धरून चालावं लागतं. उरलं पॉलिमिक्सिन. क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढतं ते) सकाळी १.९ होतं आणि चढत होतं. पॉलिमिक्सिन आणि त्याचं भावंड कोलिस्टिन, दोन्ही मूत्रपिंडाला घातक. शिवाय रक्तसंसर्गात त्यांच्या एकट्याच्या जिवावर राहणं फारसं भरवशाचं नाही.

दुसरा पर्याय म्हणजे सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझ्ट्रिओनॅम ही जोडी. ती का, हे समजायला जंतूच्या हातातली हत्यारं पाहावी लागतात. आपल्याकडच्या क्लेब्सिएला या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूमध्ये कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली, औषधं तोडणारी दोन विकरं वारंवार सापडतात, एनडीएम आणि ऑक्सा-४८. एनडीएममधला 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. २००८ साली स्वीडनमध्ये, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या रुग्णात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. फक्त ऑक्सा-४८ असेल तर एकटं सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम पुरतं. एनडीएम असेल तर ते एकटं निकामी ठरतं. अ‍ॅझ्ट्रिओनॅमला एनडीएम तोडू शकत नाही, पण त्याच जंतूकडची इतर विकरं तोडतात. त्या इतर विकरांचे हात अविबॅक्टम बांधून ठेवतं आणि अ‍ॅझ्ट्रिओनॅमला वाट मोकळी होते. म्हणून ही औषधं मागेपुढे न देता एकाच वेळी, तीन तास हळूहळू शिरेतून द्यायची.

अडचण दोन प्रकारची होती. अविबॅक्टमच्या व्हायल पुण्याहून मागवाव्या लागणार होत्या. आणि एका दिवसाचा खर्च या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चापेक्षा मोठा होता. सरकारी योजनेतून त्यातलं किती मिळेल हे ठरायला वेळ लागणार होता, औषध आजच हवं होतं. जंतूचं नाव कळण्याआधी, नुसत्या काचपट्टीच्या भरवशावर, लोकांच्या पैशाने इतकं महाग औषध मागवायचं का? एक दिवस थांबलो तर पैसे वाचण्याची शक्यता होती, आणि रुग्ण हातचा जाण्याचीही.

हे सगळं मी भावाला जसंच्या तसं सांगितलं, माझा अंदाज चुकू शकतो हेही. तो म्हणाला, "कारखान्याचं बिल अजून खात्यावर आल्यालं न्हाई. म्हस इकतो. पर आता थांबायचं न्हाई साहेब, मागल्या खेपंला थांबलो हुतो." मागच्या वेळी थांबण्याचा निर्णय योग्य होता हे समजावण्याची ती वेळ नव्हती. आमच्या फार्मसिस्टने पुण्याच्या स्टॉकिस्टशी बोलून न फोडलेल्या व्हायल परत घ्यायचं कबूल करून घेतलं आणि पाच दिवसांऐवजी दोनच दिवसांचं औषध मागवलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोकं निघालं, सकाळी सातला आमच्या हातात होतं. पहिला डोस साडेसातला गेला. दुपारी अहवाल आला: क्लेब्सिएला न्यूमोनिए, कार्बापेनेम रेझिस्टंट, कार्ड टेस्टमध्ये एनडीएम आणि ऑक्सा-४८ दोन्ही. पॉलिमिक्सिन बंद केलं.

आठवा बेड

या प्रकरणातलं सर्वांत जड पान इथे आहे.

आठ नंबरवर सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, पण शुद्धीवर येत होत्या, मुलाचा आवाज ओळखत होत्या. सेंट्रल लाइन नाही, ऑपरेशन नाही, हातात फक्त एक साधी सुई. पंधराव्या दिवशी त्यांना ताप आला. त्यांचे डॉक्टर वेगळे होते. घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया झाला असेल, असं धरून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झालं, कल्चर गेलं. पक्षाघाताच्या रुग्णात हा अंदाज अगदी रास्त असतो.

पण शेजारच्या बेडचा अहवाल आमच्याच टेबलावर एक दिवस आधीपासून पडून होता. सात नंबरची फाइल वाचणाऱ्याने आठ नंबरची वाचली नाही आणि आठ नंबर पाहणाऱ्याला सात नंबरबद्दल कुणी सांगितलं नाही. राऊंडमध्ये मी दोन्ही बेडसमोर पाच मिनिटांच्या अंतराने उभा राहिलो होतो. सतराव्या दिवशी आजींच्या रक्तात तोच क्लेब्सिएला निघाला, औषधांची यादी ओळीने तीच. जोडीचं औषध तेव्हा सुरू झालं. एकोणिसाव्या दिवशी आजी गेल्या.

सतराव्या दिवशीच पाच नंबरवरच्या, मधुमेहाच्या गुंतागुंतीसाठी दाखल असलेल्या एका तरुणीलाही ताप आला. तिला कल्चरची वाट न पाहता त्याच तासाला जोडी सुरू केली. ती वाचली. या दोघींमध्ये वयाचा आणि आजाराचा फरक होता, त्यामुळे नुसत्या दोन दिवसांनी आजी वाचल्या असत्या असं मी म्हणू शकत नाही. पण ते दोन दिवस आमच्या हातात होते आणि आम्ही ते घालवले.

कुठून येत होता

तीन बेड, तीन वेगळे आजार, तीन वेगळे डॉक्टर. एकाला व्हेंटिलेटर, दोघींना नाही. दोघांना सेंट्रल लाइन, आजींना नाही. तिघांच्या रक्तात एकच जंतू. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर वही घेऊन बसल्या आणि तिघांच्या अंगात काय काय समान गेलं ते लिहू लागल्या. यादीच्या शेवटी एकच गोष्ट उरली: सुई किंवा लाइन तुंबू नये म्हणून प्रत्येक औषधानंतर ढकलायचं सलाईन.

ते कुठे भरलं जातं ते पाहायला आम्ही गेलो. सात आणि आठ नंबरच्या मध्ये हात धुवायचं बेसिन, त्याला लागूनच ग्रॅनाइटचा ओटा. इंजेक्शनं त्या ओट्यावर भरली जात. ओट्यावर सलाईनची पाचशे मिलीची बाटली, रबरी बुचात एक सुई खुपसून ठेवलेली. पाळीत ज्याला लागेल तो त्या सुईला सिरिंज लावून सलाईन ओढून घेई. एका रुग्णासाठी एक छोटी अँप्युल असा नियम होता. पण स्टोअरमधून दिवसाला ठरावीकच अँप्युल मिळत आणि संध्याकाळपर्यंत त्या संपत. रात्री पाळीत दोन सिस्टर, चौदा बेड. त्यांनी बाटली उघडली नसती तर लाइन तुंबल्या असत्या. त्या सुईसाठी मी कुठल्याही सिस्टरला दोष दिला नाही, देणारही नाही. इंडेंटचा, म्हणजे स्टोअरकडे करायच्या मागणीचा, आकडा वर्षभरात कुणी वाढवला नव्हता, आणि त्या 'कुणी'मध्ये मी येतो.

आम्ही ओट्यापाशी उभे असताना फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्या बेसनाचं पानी तुंबतंय डॉक्टर. नळ सोडला की खालनं वर येतंय, ओट्यावर उडतंय. चारदा सांगितलं मी." त्यांनी सुपरवायझरला सांगितलं होतं, सुपरवायझरने देखभाल विभागाच्या वहीत लिहिलं होतं. ती नोंद आम्ही नंतर पाहिली. ताप यायला लागण्याच्या तीन आठवडे आधीची होती.

हात धुण्याबरोबरच त्या बेसिनमध्ये उरलेलं सलाईन आणि नळीतून द्यायचं उरलेलं पातळ अन्नही ओतलं जाई. जंतूंना आणखी काय हवं? बेसिनच्या पाइपच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यात क्लेब्सिएला महिनोन् महिने टिकतो, आणि नळाची धार सरळ जाळीवर पडली की शिंतोडे हातभर लांब जातात. पाइपच्या नमुन्यात क्लेब्सिएला निघाला, औषधांची यादी तीच. सलाईनची बाटली तोपर्यंत कचऱ्यात गेली होती, त्यामुळे साखळीतली मधली कडी तपासून दाखवता आली नाही. ओट्यावरच्या नमुन्यात काही आलं नाही.

काय केलं

सहा दिवस नवीन रुग्ण घेणं बंद ठेवलं. व्यवस्थापनाशी यावर जोरात वाद झाला. हंगामाचे दिवस, बाहेर अपघाताचे रुग्ण, आणि बंद आयसीयूची बातमी गावभर होते. शेवटी मॅडमनी तीन अहवाल एकाशेजारी एक ठेवले आणि चौथा कुणाचा हवाय, असं विचारलं. परवानगी मिळाली.

तिन्ही बाधित बेड एका टोकाला घेतले, त्यांच्यासाठी प्रत्येक पाळीत वेगळ्या सिस्टर. बाकी सगळ्यांचे गुदद्वाराचे स्वॅब घेतले, तेव्हा आणखी दोघांच्या आतड्यात तोच जंतू निघाला. त्यांना आजार नव्हता, म्हणून औषध दिलं नाही, फक्त वेगळं ठेवलं. आधी बेसिनमध्ये हायपोक्लोराइट (ब्लीच) ओतून पाहिलं. चार दिवसांनी पाइपमध्ये जंतू पुन्हा हजर. त्या थराखाली ब्लीच पोचत नाही. मग बेसिन पाइपासकट उखडून टाकलं, नवं बेसिन बेडपासून लांब भिंतीला बसवलं. इंजेक्शनं भरायची जागा कोरड्या खोलीत नेली, प्रत्येक बेडच्या पायथ्याशी हाताला चोळायचं अल्कोहोल टांगलं. अँप्युलचा इंडेंट गरजेइतका केला. वर्षाचा जादा खर्च काढला, तर तो त्या तीन रुग्णांच्या औषधांच्या बिलापेक्षा कमी भरला.

औषधांबाबत एकच बदल टिकला. रोज सकाळी अकराला मॅडम राऊंडला येतात आणि ज्याला प्रतिजैविक सुरू होऊन तीन दिवस झालेत, त्या प्रत्येक बेडपाशी एकच प्रश्न विचारतात: कशासाठी चालू आहे? उत्तर चार्टवर लिहावं लागतं, सहीसकट. 'उद्या ऑपरेशन आहे' हे उत्तर आता चालत नाही.

निकाल

सात नंबरचा ताप चौथ्या दिवशी उतरला, पुन्हा घेतलेल्या कल्चरमध्ये वाढ नव्हती. क्रिएटिनिन २.६ पर्यंत जाऊन परत फिरलं, डायलिसिस लागलं नाही. आता औषध किती दिवस द्यायचं, हा प्रश्न आला. भावाची आणि दोन सहकाऱ्यांची इच्छा चौदा दिवसांची होती. २०२४ साली ३,६०० हून अधिक रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, रक्तसंसर्गाला सात दिवसांचं औषध चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाही असं दिसलं होतं आणि त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण आयसीयूतले होते. इतका चिवट जंतू त्या चाचणीत क्वचितच असणार, ही शंका होती. पण मूळ असलेली लाइन काढली होती, रक्त स्वच्छ होतं, माणूस सुधारत होता. कल्चर स्वच्छ आल्यापासून सात दिवस मोजले आणि थांबलो. या वेळी थांबताना भीती वाटली नाही असं नाही. पण कारण चार्टवर लिहिलेलं होतं. व्हायलचं एक न फोडलेलं खोकं पुण्याला परत गेलं. एकतिसाव्या दिवशी तो वॉकर धरून घरी गेला.

त्याच्या आतड्यात तो क्लेब्सिएला अजून असणार, काही महिने राहू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने तसं लिहिलं. पुढे कुठेही दाखल झालात तर हे कार्ड आधी दाखवा, आणि साध्या सर्दीतापाला प्रतिजैविक मागू नका, असं दोघा भावांना बसवून सांगितलं. थोरला म्हणाला, "त्यो उंबऱ्यावरचा म्हनायचा का आता?" हो म्हणालो.

वेगळं काय करता आलं असतं

तालुक्याच्या डॉक्टरांना मी महिन्याने फोन केला. मेरोपेनेमबद्दल बोलायचं मनात होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर, रक्त घेऊन ठेवायची बाटली तुम्ही दिलीत तर मी पहिल्या डोसच्या आधी घेईन. इथे मिळत नाही." आता आमच्याकडून महिन्याला कल्चरच्या बाटल्या जातात आणि ज्या रुग्णवाहिकेतून रुग्ण येतो, तिच्यातूनच त्याची बाटलीही येते. हे आधी सुचायला हवं होतं.

पाचव्या दिवशी मेरोपेनेम थांबवलं असतं तर हे सगळं टळलं असतं का? पाइपमधला जंतू तरीही तिथेच होता, बाटली तिथेच होती. आजींना तर मेरोपेनेमचा एकही डोस मिळाला नव्हता. त्यामुळे दोष एका औषधावर टाकून मोकळं होता येत नाही. मावशींची तक्रार देखभालीच्या वहीऐवजी इन्फेक्शन कंट्रोलच्या वहीत आली असती, तर कदाचित. आता तुंबलेल्या नळाची नोंद दोन्ही वह्यांत होते.

आजींच्या मुलाला आम्ही लगेच काही सांगितलं नाही, हे मला सर्वांत जास्त बोचतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं पक्षाघात. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. संसर्गाचा उल्लेख वगळला तो कायद्याच्या भीतीने आणि लाजेने. तीन आठवड्यांनी मुलगा विम्याच्या कागदांसाठी आला. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा माणूस, पाळी सोडून आलेला. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आणि मी त्याला आत बसवलं आणि सगळं सांगितलं: बेसिन, बाटली, ते दोन दिवस. दाखल्याची दुरुस्ती करून देतो म्हणालो, तक्रार कुठे करायची तेही सांगितलं.

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्ये बेसिन कुठं हुतं, दाखवता?"

आम्ही त्याला आत नेलं. सात आणि आठ नंबरच्या मध्ये भिंतीवर नव्या फरशांचा चौकोन होता, भोवतालच्या फरशांपेक्षा जास्त पांढरा. त्याने त्यावर हात ठेवला. आठ नंबरवर दुसरा पेशंट होता, झोपलेला.